चवीपुरता न्याय

मालकांनी मला खोली दिली ती चवीपुरती.

माझी मास्तरकीची पहिली नेमणूक चाकणला झाली, तेव्हा मी वळकटी खांद्यावर टाकून एसटीतून उतरलो, आणि गावात भाड्याला रिकामी अशी एकच खोली निघाली. तिचे मालक दारात उकिडवे बसून सुपात शेंगदाणे पाखडत होते. मी खोलीचं विचारलं. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, कुठला म्हणून विचारलं. मी रत्नागिरीकडचा म्हटल्यावर सुपातला एक दाणा उचलून चावला आणि तो दाणा म्हणजे मीच असावा अशा चेहऱ्यानं म्हणाले, "ऱ्हावा आठ दिस. चव बगू. पटलासा तर पुडं बोलू."

"आणि मला खोली पटली नाही तर?"

"तुमी बी चव बगा की! कोन न्हाई म्हंतंय?"

आठ दिवस गेले. महिना गेला. पहिली सहामाही परीक्षा झाली. मी पटलो की नाही, हे मालकांनी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण गावात दुसरी खोली नव्हती. अशा रीतीनं मी चाकणमध्ये काही वर्षं नमुन्यादाखल राहिलो.

मालकांचा धंदा गूळ-शेंगदाण्याचा. अंगानं हडकुळे, उंच, डोक्याला पागोटं, आणि तोंडात काही गेलं की डावा डोळा आपोआप मिटायचा. उजवा मात्र टक्क उघडा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "मास्तर, चव घेताना एक डोळा मिटावा, जिभंला बरं वाटतं. पर दोनी मिटलं की मानूस फसला."

आणि हा नियम नुसता खाण्यापुरता नव्हता. मालक जगातली प्रत्येक गोष्ट आधी चाखून बघत. न्हाव्यापुढे बसले की ते फक्त एका बाजूची मिशी कोरून घेत, आरसा हातात घेऊन डावा डोळा मिटत, आणि काम पसंत पडलं तरच दुसऱ्या बाजूला वस्तरा लावू देत. एकदा त्यांचं आणि न्हाव्याचं बिनसलं. तर हा गृहस्थ एका बाजूला झुपकेदार आणि एका बाजूला कोरलेली मिशी घेऊन पुढच्या बाजारापर्यंत गावातून ताठ मानेनं हिंडला. कुणी हसलं की म्हणत, "हसतोस काय? अर्दी नापसंत हाय."

पोरासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा लोकांसारखे पोहे खाऊन परतले नाहीत. "पोरगी ब्येस हाय, पर घराची चव बगायची हाय," असं म्हणून व्याह्याच्या गोठ्यात घोंगडी टाकून राहिले. व्याही हात जोडून म्हणे, माजघरात झोपा. मालक म्हणाले, नको, बैलांपाशीच बरा. दुसऱ्या दिवशी होकार दिला. कारण काय, तर "त्यांचं बैल मानूस आलं की मागं सरत न्हाईत. म्हंजे घरात कुनी हात उगारत न्हाई." ती सून पुढे खरोखर गुणाची निघाली. त्यामुळे या बाबतीत मालकांशी वाद घालायची सोयही राहिली नाही. पोरगा पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात लागला, तेव्हाही त्याला हाच निरोप होता, "जा, चव बगून ये." तो तिथंच चिकटला. मालक म्हणाले, "पोरगं अधाशी निगालं."

आता त्यांच्या ओट्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण ओट्यावरच घडलं. शनिवारच्या बाजाराच्या ऐन तोंडाशी एका कडुनिंबाखाली दगडी ओटा होता. मालकांचे वडील त्यावर बसून गूळ विकायचे, नंतर मालक बसू लागले. मागच्या बाजूला एका भुसाराच्या व्यापाऱ्यानं दुकान घेतलं, आणि ओटा आपल्या दुकानाचाच आहे असा त्यानं तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. मालकांचं शेत नव्हतं, घर होतं ते जेमतेम. जे काय होतं ते त्या दगडावर होतं. शनिवारी सकाळी मालकीणबाई ओट्याला पाणी शिंपडून हळदीकुंकू वाहत, मग टोपल्या मांडल्या जात. ओटा गेला तर मालकांना टोपली घेऊन भर उन्हात रस्त्याकडेला बसावं लागणार, आणि रस्त्याकडेला बसणाऱ्याकडे थांबून चव बघतं कोण?

आणि त्या ओट्यावर मालकांचा कायदा चाले. तो मला त्यांनी पहिल्याच शनिवारी तोंडपाठ करून घेतला.

"पयला दाना, ती चव. दुसरा दाना, त्यो लोभ. तिसऱ्याला आमच्यात चोरी म्हंत्यात."

"आणि चव घेऊन माल नाही घेतला तर?"

"खवट लागला तर थुकावं, तोंडावर खवट हाय म्हनावं आन् पुडं जावं. राग न्हाई. पर ग्वाड लागला तर घ्यावंच लागतं, मास्तर. मग अदपाव घ्या न्हाईतर पायली घ्या. चव घेनं म्हंजे शबूद देनं."

एवढा साधा कायदा. आणि तो मोडायला कोण यावं? तर प्रत्यक्ष तालुक्याचे जज्जसाहेब!

जज्जसाहेबांविषयी आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगले होते. न्यायाच्या बाबतीत माणूस बावनकशी. एका पक्षकारानं घरी आंब्यांची पेटी पाठवली, तर साहेबांनी ती भर कोर्टात परत केली होती. पक्षकाराच्या घरचा चहादेखील घेत नसत. गोल चेहरा, गोल चष्मा, काळा कोट. खुर्चीत बसले की मागच्या भिंतीचाच भाग वाटायचे.

पण शनिवारी दुपारी कोर्ट सुटलं की हाच माणूस रिकामी पिशवी घेऊन एसटीनं चाकणच्या बाजाराला यायचा. पिशवी रिकामी यायची आणि रिकामी जायची. साहेब मात्र भरून जायचे.

त्यांच्या जेवणाचा क्रम ठरलेला होता. सुरुवात चुरमुऱ्यांनी. "ताजे आहेत का बघू," म्हणत एक मूठ. मग काकडी, "कडू नाही ना?" पुढे पेरू, त्याची एक फोड आतली आणि एक सालीकडची, कारण दोन्ही बाजूंची साक्ष घ्यायला हवी. मग मावळातल्या गवळ्याकडे खवा. "बोटभरच द्या," असं म्हणून ते जे बोट पुढे करत, ते मी पाहिलंय, त्याला आपण तळवा म्हणतो. शेवटी मालकांकडचे शेंगदाणे, त्यावर गुळाचा खडा, आणि जाता जाता मुखशुद्धीला बडीशेप. प्रत्येक ठिकाणी चघळत, मान तिरकी करून, गंभीरपणे विचार करत. विकणारा आशेनं तागडी उचलायचा. आणि साहेब रुमालानं बोटं पुसून म्हणायचे, "निकाल राखून ठेवतो. पुढच्या शनिवारी बघू."

गंमत पुढेच आहे. साहेबांचा शनिवारी कडक उपास असे. पत्नीच्या आग्रहावरून धरलेला. आता तुम्ही म्हणाल, मग हे काय चाललं होतं? मीही एकदा धीर करून हसत हसत तसं विचारलं. साहेब म्हणाले, "मास्तर, खाणं वेगळं आणि चव बघणं वेगळं. चव बघितल्यानं उपास मोडत नाही." हा निकाल मात्र त्यांनी राखून ठेवला नव्हता.

बाजारात कुणी चकार शब्द काढत नसे. का काढेल? त्या मुलखात असं घर नव्हतं ज्याची बांधाची, विहिरीची नाहीतर पाणंदीची भानगड साहेबांच्या कोर्टात पडून नव्हती. उलट साहेब दिसले की लोक टोपल्या पुढे सरकवायचे. मालकांच्या शेजारी एक पेरूवाली म्हातारी बसायची. तोंडानं अशी फटकळ की कावळेही तिच्या पेरूला लांबून वळसा घालत. साहेब आले की मात्र ती मधासारखी व्हायची. "घ्या की साहेब, आनखी एक घ्या, बी नरम हाय!" आणि ते पाठ फिरवताच, "मुडदा बशिवला! फोड खातोय का झाड खातोय!"

मालक म्हणायचे, "म्हातारे, तोंडावर बोल की."

"मंगळवारी माज्या बांधाची तारीख हाय. तू बोल, तुला लई कायदा कळतोय!"

"बोलनार हाय."

आणि मालक बोलले. पुढच्या शनिवारी साहेबांनी तिसरा दाणा उचलला, तेव्हा मालक नम्रपणे म्हणाले, "साहेब, ग्वाड हाय का खवट?"

साहेब चघळत म्हणाले, "अजून नक्की सांगता येत नाही."

"मंग थुका."

शेजारच्या म्हातारीनं जीभ चावली. साहेबांनी गिळलं, रुमाल काढला, नेहमीचं वाक्य बोलले आणि गेले. मालक ओट्यावर उभे राहिले. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "खवट म्हन, मी पाय धरतो! ग्वाड म्हन, मी तागडी धरतो! पर ह्यो बाबा कायच म्हनत न्हाई! मास्तर, ह्याची तक्रार करायची. कुटं करत्यात?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांच्या वकिलांकडे गेलो. वकील मालकांचा ओट्याचा दावा लढत होते. साहेबांचं नाव ऐकताच त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली.

"अहो, तुमचा दावा निकालाला आलाय! आता जज्जाविरुद्ध तक्रार? वेड लागलंय का?"

"दाव्याचं न्हाई. शेंगदान्याचं हाय."

"तक्रार कोर्टातल्या वागण्याबद्दल असती तर वर अर्ज करता आला असता. हे पडलं खाजगी वर्तन. उगाच कोर्टाचा अवमान व्हायचा."

"कोर्ट बाजारात येतंय का?"

"नाही."

"मंग कोर्टाचा अवमान कसा व्हईल? अवमान शेंगदान्याचा झालाय. त्याची दाद कोन घेतो?"

वकिलांनी डोकं धरलं. शेवटी त्यांच्या तोंडून एवढंच सुटलं की जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीत गेलात तरी तिथं पहिला प्रश्न विचारतील, पुरावा काय? त्यांना वाटलं, म्हातारा घाबरेल. मालकांचा चेहरा उजळला.

पुरावा म्हणून मालकांनी पिशवीभर शेंगदाणे घेतले. निवडून, भाजून, फोलं पाखडून. "साहेबानं खाल्ल्याला मालच हाय," म्हणाले. मला बरोबर घेतलं, कारण मोठ्या कचेरीत इंग्रजी बोललं तर ऐकायला कुणीतरी हवं.

कचेरीतल्या कारकुनानं आम्हाला बराच वेळ ताटकळत ठेवल्यावर मान वर केली. "कशाबद्दल तक्रार आहे?"

"जज्जसाहेब खात्यात."

कारकून ताडकन उभा राहिला. दार ओढून घेऊन हळू आवाजात म्हणाला, "काय खातात?"

"शेंगदानं."

तो पुन्हा खाली बसला. "पुरावा?"

मालकांनी पिशवी टेबलावर ठेवून तिचं तोंड सोडलं. भाजल्याचा वास सुटला. कारकुनानं एक दाणा उचलला, चावला आणि विचारात पडला. मग आणखी एक. मग म्हणाला, हे प्रकरण आमच्या भाऊसाहेबांना दाखवायला हवं. भाऊसाहेब आले. त्यांना एकट्याला मत देता येईना म्हणून त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्यांना बोलावलं. कुणी घागरीतलं पाणी आणलं, कुणी मिठाची पुडी काढली. पट्टेवाल्यानं उभ्याउभ्याच साक्ष नोंदवली. मालक डावा डोळा मिटून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. बघता बघता पिशवीच्या तळाशी भुगा तेवढा राहिला. कारकुनानं मिशी पुसली, पिशवी उलटी करून झटकली आणि खेदानं म्हणाला, "पुराव्याअभावी तक्रार दाखल करून घेता येत नाही."

परतीच्या एसटीत मालक पार भोसरीपर्यंत रिकाम्या पिशवीची घडी घालत आणि मोडत बसले. मग म्हणाले, "मास्तर, त्यांच्यापैकी कुनी ग्वाड म्हनलं का?"

"नाही."

"खवट?"

"तेही नाही."

"म्हंजे समदी एकाच शाळंत शिकल्याली हायेत."

हे प्रकरण कर्णोपकर्णी साहेबांच्या कानावर गेलं असणारच. कारण पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा त्यांचा चेहरा कोर्टातला होता. ओट्याच्या दाव्याचा निकाल येत्या बुधवारी होता. मालकीणबाईंनी सकाळपासून मालकांच्या मागे टुमणं लावलं होतं, "अवं, एवढा शनवार गप ऱ्हावा. खाईना का मूठभर. ओटा गेला तर ह्या वयात उन्हात बसशीला का?" मालक हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं, या माणसानंही अखेर निकाल राखून ठेवला.

साहेब इतर दुकानं सोडून सरळ ओट्यासमोर आले. हात पुढे केला. आणि मालकांनी शांतपणे खांद्यावरचं उपरणं काढून शेंगदाण्याच्या टोपलीवर पसरलं.

"झाकलंत?" साहेब म्हणाले.

"व्हय साहेब. माझा दावा तुमच्याम्होरं हाय. आता दाना दिला तर लाच व्हईल."

"एक दाणा म्हणजे लाच?"

"पयला न्हाई. पयली चव. दुसऱ्यापास्नं लाच."

साहेबांचा हात तसाच हवेत राहिला. ते हळूहळू लाल झाले, आधी कान, मग गाल. शेजारच्या म्हातारीनं पेरूच्या टोपलीवर पदर ओढला. मग काकडीवाल्यानं पोतं ओढलं. बाजाराच्या त्या टोकापर्यंत एकेक टोपली झाकली जात गेली आणि साहेब रिकामी पिशवी घेऊन, कुठंही न थांबता, एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. त्या शनिवारी त्यांचा खरोखर उपास घडला.

"झालं!" म्हातारी म्हणाली. "गेला तुजा ओटा! आन् माजा बांध बी नेलास संगट!"

बुधवारी शाळेला रजा टाकून मी कोर्टात हजर. मालकीणबाई मागच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसलेल्या. भुसारवाला नवी टोपी घालून आलेला, जणू ओट्यावर बसूनच आलाय. साहेब आले. निकाल इंग्रजीत लिहिलेला असायचा आणि पक्षकारांना ते मराठीत समजावून सांगायचे. त्यांनी कागद उचलले, चष्मा सारखा केला आणि तोंड उघडलं.

मालक हात जोडून उभे राहिले. "साहेब, एक इनंती हाय."

वकिलांनी त्यांच्या सदऱ्याचा मागचा घोळ धरून खाली ओढलं. सदरा लांबला, मालक खाली आले नाहीत.

"बोला."

"समदा निकाल एकदम नगं. आदी वाईच चाखू द्या."

पट्टेवाल्याच्या हातातला गठ्ठा खाली पडला. वकिलांनी डोळे मिटले, दोन्ही. मला मालकांच्या हातात बेड्या दिसू लागल्या.

"म्हणजे काय?" साहेबांचा आवाज अगदी खाली होता.

"सुरवातीचं थोडं सांगा. चव बगतो. पटली तर घेतो."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मालक त्यांच्याकडे. मग साहेबांनी कागदावर नजर टाकली आणि एकेक शब्द मोजून मापून ठेवावा तसं म्हणाले, "या ओट्यावर तुमचे वडील बसत होते, हे सिद्ध झालं आहे."

मालकांचा डावा डोळा मिटला. त्यांनी ते वाक्य तोंडात घोळवलं. "बरं हाय. आनखी एक."

"वडिलांनंतर तुम्ही बसत आलात आणि कुणी हरकत घेतली नाही, हेही सिद्ध झालं आहे."

"ह्येच्यात ग्वाडी हाय," मालक म्हणाले. "आता एक तळातला द्या. वरवर समदीच चांगला माल ठेवत्यात."

कोर्टात कुणीतरी खुसकन हसलं आणि लगेच खोकलं. साहेबांनी कागद उलटत उलटत थेट शेवटचं पान काढलं.

"वादीचा दावा फेटाळण्यात येत आहे. ओटा तुमचा आहे."

मालकीणबाईंच्या तोंडून हुंदका फुटला. भुसारवाल्यानं नवी टोपी काढून मांडीवर ठेवली. वकील आभार मानायला उठले. आणि आमचे मालक? ते चघळत होते. सावकाश, मान तिरकी करून. मग त्यांनी उपरण्यानं बोटं पुसली, काठी उचलली आणि म्हणाले, "निकाल राखून ठेवतो, साहेब. पुडच्या शनवारी बगू."

आणि दाराकडे वळले!

"थांबा!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. "असं चालणार नाही! आत्ता चव घेतलीत. गोड आहे, असं तुमच्या तोंडानं म्हणालात. आता घ्यावंच लागेल!"

मालक वळले. अगदी निरागसपणे म्हणाले, "ग्वाड लागलं म्हंजे घ्यावंच लागतं?"

"घ्यावंच लागतं!" साहेबांनी टेबलावर हात आपटला.

"ह्यो कायदा समद्यास्नी?"

"सगळ्यांना..." साहेब म्हणाले, आणि तिथंच थांबले. आपटलेला हात टेबलावरच होता. बोटं थोडी वाकलेली, टोपलीत घातल्यासारखी. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. मग हळूच तो टेबलाखाली घेतला.

मालक साहेबांच्या कारकुनाला म्हणाले, "भाऊ, तेवडं लिवून घ्या." आणि उपरणं दोन्ही हातांनी पसरून साहेबांपुढे वाकले. "मंग घेतला, साहेब. पदरात घेतला."

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "पुढचा दावा," म्हणाले, पण त्यांचे खांदे हलत होते आणि आवाजही सरळ येत नव्हता.

शनिवारी सगळा बाजार एसटीकडे डोळे लावून बसला होता. साहेब उतरले. मागून त्यांचा शिपाई उतरला, आणि त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या. साहेब ओट्यापाशी आले. मालकांनी टोपली पुढे सरकवली. साहेबांनी एक दाणा उचलला. एकच. तोंडात टाकला आणि, शपथेवर सांगतो, त्यांचा डावा डोळा मिटला.

"गोड आहे," ते म्हणाले. "शेरभर द्या."

मालकांनी तागडी उचलली. मालकीणबाईंनी पुढे होऊन वजन टाकलं. साहेब जरा वाकून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "आणि मागचं?"

"मागं तर तुमचा उपास हुता, साहेब," मालक म्हणाले. "उपाशी मानसाचं कोन मोजतंय?"

पण साहेबांची जीभ काही सुधारली नव्हती. त्यांनी आपल्या जुन्या क्रमानं सगळ्या बाजाराची चव घेतली आणि कायद्याप्रमाणे सगळा बाजार विकत घेतला. म्हातारीनं पेरू मापताना वरती एक घातला आणि मोठ्यानं म्हणाली, "घ्या साहेब. बांध मिळाला मला. आता मनापास्नं देतेय!" जाताना शिपाई भरल्या बैलासारखा डुलत होता. घरी दोन पिशव्या खाऊ बघून साहेबांच्या पत्नीनं एकच प्रश्न विचारला आणि शनिवारचा उपास त्या दिवसापासून बंद झाला, असं पुढे शिपाई सांगत असे.

मी चाकण सोडलं ते पिंपरीला कारखान्याच्या वसाहतीत नवी शाळा निघाली तेव्हा. वळकटी पुन्हा खांद्यावर टाकली. मालक एसटीपर्यंत पोचवायला आले. मी म्हटलं, "मालक, आता तरी सांगा. आठ दिवसांची बोली होती. पटलो का मी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डावा डोळा मिटला. "निकाल राखून ठिवलाय," म्हणाले, आणि माझ्या दोन्ही खिशांत शेंगदाणे कोंबले. गाडी सुटल्यावर मागून ओरडले, "समदं खाऊ नगा, मास्तर! निस्ती चव बगा!"

कासारवाडीच्या फाट्याच्या आत दोन्ही खिसे रिकामे होते. चव झाली, लोभ झाला, चोरीही झाली. आणि दाणे तर गोड होते, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. तेव्हा कायद्यानं मला पुढच्याच शनिवारी पिशवी घेऊन चाकणला जाणं भाग पडलं.

मालक ओट्यावर बसले होते. गर्दीतून मी समोर येऊन पिशवी पुढे धरली. त्यांनी मला पाहिलं, पिशवी पाहिली, तागडी उचलली.

"आलासा व्हय?" म्हणाले. "शेरभर का दोन?"

एवढंच. पण ते म्हणताना त्यांनी दोन्ही डोळे मिटले होते.